सहा माणसं, एक तिकीट

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने लगेच टाकलं, ‘घ्या, आता तुमच्या जर्मनीसारखं झालं आपल्याकडे. लोकल, मेट्रो, बेस्ट, टीएमटी, सगळं एका क्यूआरवर.’ त्याखाली काकांनी नेहमीचा सूर लावला: आधी बायकांना एसटीत अर्धं तिकीट देणं बंद करा, मग ॲपबिप काढा. मग एसी लोकलवरून जुंपली. कळव्याचा चुलतभाऊ म्हणाला की साध्या लोकलच्या जागी एसी गाडी सोडली की आम्ही फलाटावरच राहतो, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला लोक उगीच रुळांवर उतरले नव्हते. म्युनिकमध्ये जेवणाचा डबा उघडून मी हे सगळं वाचत होते. काही लिहिलं नाही, कारण ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणणाऱ्या परदेशस्थांचा ग्रुपवर काय उद्धार होतो ते मला माहीत आहे.

पण दादाचं ते ‘जर्मनीसारखं’ डोक्यातून गेलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आई-बाबा म्युनिकला आले होते आणि डिसेंबरमध्ये आम्ही ठाण्याला गेलो. म्हणजे तीच सहा माणसं (आई, बाबा, नवरा, मी, अकरा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा मुलगा) सात महिन्यांत दोन शहरं तिकीट काढून फिरली.

म्युनिकमध्ये सहलीचं तिकीट निवडताना पहिल्यांदा डोकं फिरतंच. शहराचा मधला भाग म्हणजे झोन एम, त्याच्या बाहेर एक, दोन, तीन असे वाढते झोन, विमानतळ पार पाचव्यात. पण कुटुंबासाठी तिथे गटाचं दिवसभराचं तिकीट आहे. पाच मोठी माणसं एका तिकिटावर, आणि सहा ते चौदा वर्षांची दोन मुलं मिळून एक मोठा माणूस. बाबांनी मशीनसमोर उभं राहून बोटं मोजली. चार मोठे, दोन पोरं म्हणजे एक, झाले पाच. ‘अगं, हे आपल्यासाठीच काढलंय!’ ते तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालतं. मेट्रो, ट्राम, बस, लोकल, कशातही चढा, कितीदाही उतरा. हेलाब्रुनच्या प्राणिसंग्रहालयात गेलो, परत येताना आईचे पाय दुखले म्हणून दोन थांब्यांसाठी बस धरली. घरी असतो तर त्या दोन थांब्यांसाठी आई चालतच निघाली असती. तिकीट दिवसाचं असलं की म्हातारी माणसं आपले पाय वाचवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि दादासाठी मुद्दाम सांगते, ते तिकीट कागदाचं होतं. मशीनमधून निघालेली पट्टी, बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. ॲप नाही, क्यूआर नाही.

सगळं गोड नाही. म्युनिकच्या स्टेशनांवर फाटक नसतं. तिकिटावर शिक्का आपणच मारून घ्यायचा. पहिल्या वर्षी मी तिकीट काढलं, शिक्का मारायला विसरले आणि साठ युरो दंड भरला. चूक माझीच होती, पण जीव अजून हळहळतो. शिवाय मुक्काम लांबला की गटाचं तिकीट रोज परवडत नाही. आई-बाबांसाठी आम्ही एका महिन्याचं, देशभरातल्या बस, ट्राम आणि साध्या गाड्यांना चालणारं ‘डॉइचलांडटिकेट’ घेतलं, तेव्हा माणशी ५८ युरो. हे तिकीट म्हणजे वर्गणी असते, त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. नवऱ्याने फ्रिजवर चिठ्ठीच लावली होती. त्या तिकिटावर साध्या गाडीने थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, तेही गेलो.

काकांसाठी एक गोष्ट. २०२२ च्या उन्हाळ्यात जर्मनीत तीन महिने ९ युरोत महिनाभर प्रवास होता. तेव्हाचे अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांनी ते तिकीट पुढे चालू ठेवण्याच्या मागणीला फुकटेपणाची वृत्ती म्हटलं होतं. अगदी काकांचाच सूर, फक्त जर्मनमध्ये. तरी पुढच्या मे महिन्यात ४९ युरोंचं तिकीट आलंच आणि केंद्र व राज्यं मिळून त्यात वर्षाला तीन अब्ज युरो घालायला लागली. ते भांडण अजून मिटलेलं नाही, तिकीट मात्र चालू आहे, आणि २०२६ पासून ६३ युरो झालंय.

आता डिसेंबर. मुलांना जमिनीखालची मेट्रो ३ बघायची होती, आईला सिद्धिविनायक. शनिवार ठरवला, कारण बाबा म्हणाले रविवारी मेगाब्लॉक असणार. (म्युनिकमध्येही शनिवार-रविवारी शहराच्या पोटातला मुख्य लोकलमार्ग दुरुस्तीला बंद होतो, हे ऐकून बाबांना फार बरं वाटलं होतं.) नवऱ्याने रेल्वेच्या यूटीएस ॲपवर तिकिटं काढली. एका तिकिटावर चारच माणसं बसायची, म्हणून दोन. ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लास माणशी १५ रुपये, मुलांचं अर्धं. सहा जणांचे एका बाजूचे शंभर रुपयेही झाले नाहीत. रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीटही असतं. बाहेरगावचा पाहुणा दिवसभर तिन्ही मार्गांवर वरखाली करणार असेल तर ते घ्यावं; ठाण्याहून जाऊन येणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, तीस रुपयांत काम होतं.

गाडी आली. आई, लेक आणि मी सवयीने लेडीज डब्यात चढलो, बाकीचे जेंट्समध्ये. मुलुंड गेलं आणि तिकीट तपासनीस बाई आल्या. तिकीट कुठे? नवऱ्याच्या मोबाइलवर, दोन डबे पलीकडे. स्क्रीनशॉट चालत नाही. मी फोन लावला, गर्दीत त्याला ऐकू येईना. लेकीने जर्मनमध्ये विचारलं, ‘आपण आता साठ युरो भरायचे का?’ त्या बाईंनी आईकडे बघितलं, आमच्या पिशवीतल्या थेपल्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘घाटकोपरला त्यांना इकडे बोलवा. आणि पुढच्या वेळी बायकांचं तिकीट बायकांच्या फोनवर काढा हो.’ घाटकोपरला नवरा फलाटावरून धावत आला, खिडकीतून मोबाइल दाखवला, परत धावत गेला. कुटुंबाने लोकलचं तिकीट कसं काढावं, यावर याहून कामाचा सल्ला मला कुठे मिळालेला नाही. माणसं मोजून नाही, डबे मोजून काढावं.

आपलं तिकीट एकट्या माणसासाठी आखलेलं आहे, असं मला म्हणायचंय. आठ-सतराची लोकल पकडणारा, खिशात पास असलेला, सोमवार ते शनिवार. त्याच्यासाठी ते जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल इतकं स्वस्त आहे आणि ते तसंच राहावं, यात मी चुलतभावाच्या बाजूची आहे. पण तोच माणूस सुट्टीच्या दिवशी आई-बाप आणि पोरं घेऊन निघाला की त्याच्यासाठी कुणी हिशेबच मांडलेला नाही. ‘मुंबई वन’ने अकरा सेवांच्या रांगा एका ॲपमध्ये आणल्या, हे मोठं काम आहे, मी ते नाकारत नाही. पण लोकलचं भाडं अधिक मेट्रोचं भाडं अधिक बसचं भाडं, ही बेरीज जशीच्या तशी राहिली. फक्त ती आपण करत नाही, फोन करतो. पाच माणसांच्या तिकिटात दोन पोरांना एक माणूस धरायचं, हे ॲप ठरवत नाही, भाडं ठरवणारे ठरवतात. दादा, तेवढं बाकी आहे.

पण खरं सांगू? तसं गटाचं तिकीट तेव्हा असतं तरी आमच्या त्या शनिवारच्या खर्चात फार फरक पडला नसता. आमचं घर ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला. तिथून स्टेशन साधारण दहा किलोमीटर. रिक्षाचं पहिलं भाडं २६ रुपये, पुढे किलोमीटरला सतरा, म्हणजे मीटर १७० च्या वर. एका रिक्षात तीनच माणसं, म्हणून दोन रिक्षा. साडेतीनशे रुपये स्टेशनला पोचायलाच, आणि पुढे सहा जण बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटीला, शंभराच्या आत! १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तिला आता पावणेदोनशे वर्षं होतील. घोडबंदर रोडवरचा माणूस मात्र त्या डिसेंबरातही वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ च्या खांबांखालून रिक्षा शोधत होता. टीएमटीची बस आहे, आणि सकाळी आम्ही तिनेच जायचं ठरवलंही होतं. वीस मिनिटं थांबलो, आलेल्या बसच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती, आईने माझ्याकडे बघितलं आणि मी रिक्षाला हात केला.

रात्री साडेनऊला ठाण्याला उतरलो. पश्चिमेला रिक्षांची रांग स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली वळसा घालून गेली होती. मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर झोपला होता. बाबांच्या हातात मेट्रोच्या सहा तिकिटांचे कागद होते, म्युनिकच्या पट्टीसारखेच जपलेले. आमचा नंबर आला तेव्हा रिक्षावाल्याने आम्हाला मोजलं.

‘काका, तीनच सीट.’

‘माहीत आहे रे बाबा,’ बाबा म्हणाले, आणि आम्हाला दोन गटांत वाटायला लागले.