पोकळ लाद्यांचा क्लेम : 'एक जुना ठेकेदार' यांना उत्तर

लादीकाम घेणाऱ्या ठेकेदारांच्या विम्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली 'एक जुना ठेकेदार' या नावाने पुढची प्रतिक्रिया आली आहे :

'आमच्या साइटवर निम्म्या लाद्या पोकळ निघाल्या. सीएआर [काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क] पॉलिसी असून कंपनीने दमडी दिली नाही. पोकळ लादीचे पैसे मिळत नसतील तर हा विमा म्हणजे शुद्ध फसवणूक. बिल्डरची पॉलिसी असतेच. माणसं रोजंदारीवरची, त्यांचा विमा कशाला? लेख वाचून तुम्ही एजंट आहात हे कळलं. प्रीमियमवरचा जीएसटीही लपवलात.'

जीएसटीचं तुमचं म्हणणं मान्य. १८ टक्के वेगळे दाखवायला हवे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी माफी मिळाली ती वैयक्तिक आयुर्विम्याला आणि आरोग्यविम्याला. ठेकेदाराच्या पॉलिसीवर कर आहे तसाच आहे. पण राहिलेल्या गोष्टीला 'लपवलात' म्हणायचं आणि लिहिणाऱ्याला एजंट ठरवायचं, ही कुठली पद्धत? लादीकामाची बिलं तपासत मी या धंद्यात आलो, पुढे ठेकेदारांच्या बाजूने क्लेमचे कागद तयार करण्यात आयुष्य गेलं. विमा विकून एक रुपया घेतलेला नाही. माझं चुकत असेल तर कलम दाखवा. हेतूवर बोट ठेवायला काही माहीत असावं लागत नाही.

आता पोकळ लाद्या, म्हणजे खाली हवा राहून ठोकल्यावर पोकळ वाजतात त्या. तुम्ही या धंद्यात जुने आहात, तर लादी पोकळ का वाजते हे मी सांगायची गरज पडू नये. तरी सांगतो, कारण क्लेम तिथेच अडला आहे. विट्रिफाइड लादी अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साध्या सिमेंट स्लरीला धरायला जागा मिळत नाही. तिला आयएस १५४७७ या भारतीय मानकातलं योग्य टाइपचं अॅडहेसिव्ह लागतं. ते खाचांच्या थापीने एका दिशेत ओढायचं, आणि लादी मोठी असेल तर तिच्या पाठीवरही पातळ हात मारायचा. साइटवर होतं काय? चार कोपऱ्यांना चार गोळे, मधे एक, वरून रबरी हातोडा. गोळ्यांच्या मधे हवा राहते आणि तिथेच लादी वाजते. पाठीवरची पांढरी पावडर पुसलेली नसते, बादलीत घट्ट होऊ लागलेल्या अॅडहेसिव्हमध्ये पुन्हा पाणी ओतलेलं असतं, भिंतीकडेला फटच सोडलेली नसते. या प्रत्येक गोष्टीला पॉलिसीच्या भाषेत सदोष कारागिरी म्हणतात. यात अपघात कुठेही नाही.

सीएआर, म्हणजे काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क, ही पॉलिसी अचानक आणि अनपेक्षितपणे झालेल्या नुकसानीसाठी आहे. सदोष माल किंवा सदोष काम बदलण्याचा खर्च ती देत नाही, आणि देऊही नये. तो दिला तर गोळे टाकून लावणाऱ्याचा भुर्दंड नीट काम करणाऱ्याच्या प्रीमियममधून जाईल. याला फसवणूक म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पण त्याच कलमाचा उत्तरार्ध तुम्ही वाचलेला दिसत नाही, आणि पैसे तिथे आहेत. तो सांगतो की हा अपवाद फक्त सदोष भागापुरता धरायचा. त्या दोषामुळे अपघात होऊन नीट केलेल्या दुसऱ्या कामाचं नुकसान झालं, तर ते नुकसान भरून द्यायचं. समजा काम चालू असताना भिंतीवरची नीट न चिकटलेली लादी सुटली आणि खाली तुम्हीच बसवलेला ग्रॅनाइटचा ओटा फुटला. लादीचे पैसे मिळणार नाहीत, ओट्याचे मिळतील. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला 'लादीकाम खराब झालं' असं एकच मोघम वाक्य लिहून दिलंत तर तो सगळंच सदोष कामात ढकलेल. कोणती लादी सुटली, कशावर पडली, त्या वस्तूचं काम कधी पूर्ण झालं होतं, हे वेगवेगळं लिहा. फोटो मलबा उचलायच्या आधी काढा.

दुसऱ्यांच्या नुकसानीचंही असंच आहे. बाथरूमची जुनी फरशी फोडताना छिन्नी लपवलेल्या पाइपात गेली आणि खालच्या फ्लॅटचं फॉल्स सीलिंग कोसळलं, तर ते पॉलिसीच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे थर्ड पार्टीत येतं. ज्याच्या घरात काम चालू आहे तो मालक मात्र थर्ड पार्टी नसतो. त्याचा सोफा, त्याचं वॉर्डरोब, त्याची आधीपासूनची संगमरवरी फरशी यांचं नुकसान हवं असेल तर 'सराउंडिंग प्रॉपर्टी'चं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. राहत्या घरात काम करणाऱ्याने ते घेतलं नाही, तर ज्याचा धोका सर्वांत जास्त तेच उघडं राहतं. तसंच ब्रेकर चालवून शेजारच्या भिंतीला तडा गेला तर मूळ पॉलिसीत कंपनाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. त्यासाठीही वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली पुरवणी, लागतं. ही दोन्ही कव्हर कोटेशनमध्ये आहेत का, हे प्रीमियम भरण्याआधी विचारा.

आणि विमा रक्कम. लेबर रेटने काम घेणारे बरेच जण फक्त मजुरीच्या आकड्यावर पॉलिसी काढतात, कारण लाद्या मालकाने आणलेल्या असतात. पॉलिसीला मात्र पुऱ्या कामाची किंमत हवी असते, मालकाने दिलेल्या मालासकट. मजुरी ४ लाख, लाद्या आणि अॅडहेसिव्ह ८ लाख, म्हणजे काम १२ लाखांचं. विमा ४ लाखांचाच घेतला आणि पाण्याची टाकी फुटून ३ लाखांचं नुकसान झालं, तर विमा एक तृतीयांश किमतीचाच म्हणून हातातही एक तृतीयांश, म्हणजे १ लाख, त्यातून एक्सेस (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) वजा. मग लोक म्हणतात, कंपनीने कापले.

बिल्डरच्या पॉलिसीबद्दल एवढंच : तिच्यात विमाधारक म्हणून उपठेकेदारांचा उल्लेख आहे का, ते तिची प्रत मागून बघा. नसेल तर ती तुमची नाही. 'असतेच' म्हटल्याने नाव चढत नाही.

'रोजंदारीवरची माणसं, त्यांचा विमा कशाला' हे वाक्य मात्र तुम्ही लिहायला नको होतं. जबाबदारी रोजंदारीने सुटत नाही. कामावर मृत्यू झाला तर भरपाई म्हणजे महिन्याच्या वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयाचा गुणक. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याची ही रीत सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. वेतन १५,००० धरलं आणि वय ३० असलं तर गुणक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. सीएआरच्या थर्ड पार्टीत तुमची स्वतःची माणसं येत नाहीत. त्यांच्यासाठी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची वेगळी पॉलिसी लागते. तिच्यात पगाराचा खरा आकडा लिहायचा, उपचाराचा खर्च जोडून मागायचा, आणि मिस्त्री आपली माणसं घेऊन येत असेल तर त्यांचाही समावेश लेखी करून घ्यायचा. कोरडं कटिंग करणाऱ्या पोरांच्या छातीत सिलिकाची धूळ जाते, तो आजार वेगळाच. कटरला पाणी लावा, हे विम्याच्याही आधीचं काम.

तुमच्या क्लेमचं अजून काही होऊ शकेल का, हे मला सांगता येईल; पण त्यासाठी रागावलेलं वाक्य पुरणार नाही. नकाराच्या पत्रात कंपनीला अपवादाचं कलम सांगावं लागतं. ते कलम, पॉलिसीचं शेड्यूल आणि सर्व्हेअरचा अहवाल एवढं पाहायचं. पोकळ लाद्या काढताना नीट केलेलं दुसरं काही फुटलं असेल, तरी ते दुरुस्तीच्या खर्चातच मोजलं जाईल, तिथे आशा धरू नका. पण लाद्या सुटून पडल्यामुळे दुसऱ्या कामाचं नुकसान झालं होतं आणि कंपनीने तेही सरसकट नाकारलं असेल, तर त्या भागापुरती आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकल मालकीच्या व्यवसायाला आणि सूक्ष्म उद्योगालाही ही सोय आहे, फी नाही, वकील लागत नाही. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे आहेत. तक्रारीला कंपनीचा नकार आल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर ते दिवस संपल्यापासून, एक वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज द्यावा लागतो, तेव्हा तारखा आजच बघा.