‘एकवीस दिवसांत डोके स्वच्छ’ : एका संदेशातील विधाने तपासताना

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून एक लांबलचक संदेश मोबाईलवर फिरतो आहे. गांजा, चरस किंवा पार्टीत घेतलेल्या गोळ्या सोडल्यानंतरही ज्यांना डोके धुरकट वाटते, आजूबाजूचे जग खोटे वाटते, पांढऱ्या भिंतीवर ठिपके सळसळताना दिसतात किंवा कारण नसताना छातीत धडधडते, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : हा सगळा त्रास चरबीत अडकलेल्या विषामुळे होतो, एकवीस दिवस भात, मासे आणि मीठ बंद करावे, सकाळी नारळपाणी आणि कोकमाचा अर्क घ्यावा, अश्वगंधा, मॅग्नेशियम, बी जीवनसत्त्वे, मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल आणि ५-एचटीपी (सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन वाढवणारे पूरक) हा ‘संच’ सुरू करावा, रोज भिंतीकडे पाहून ठिपके कमी झाले का ते तपासावे, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या गोळ्या थांबवाव्यात, आणि मध्येच त्रास वाढला, तर विष बाहेर पडते आहे असे समजून नेटाने पुढे जावे.

मी या किनाऱ्यावर सत्तावीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो आणि या संचातील जवळजवळ प्रत्येक वस्तू माझ्या फळीवर विक्रीला आहे, त्यामुळे माझे हे लिखाण माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाते, याची मला जाणीव आहे. तरीही ते करणे भाग आहे, कारण हा संदेश वाचणारी मुले खोटे आजारी नाहीत. व्यसन सोडण्याचे अवघड काम त्यांनी केलेले असते, आणि त्यानंतरही डोके जागेवर येत नाही म्हणून ती घाबरलेली असतात.

पहिले विधान चरबीतल्या विषाचे. त्यात अर्धे सत्य आहे. गांज्यातील टीएचसी हा घटक चरबीत विरघळतो आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे सापडू शकतात. परंतु चरबीतून झिरपणारे ते सूक्ष्म प्रमाण आणि डोक्यातले धुके यांचा संदेशात जोडलेला संबंध टिकत नाही. यकृत टीएचसीचे रूपांतर करते आणि त्याचा मोठा भाग शौचावाटे बाहेर जातो. कोणताही अर्क हे काम लवकर उरकून देत नाही. एलएसडी या भासकारक पदार्थाचे उदाहरण तर हे विधान पुरते मोडून काढते. ते रक्तातून एक-दोन दिवसांत निघून जाते, तरीही काही जणांना त्यानंतर महिनोन् महिने हलत्या वस्तूंमागे शेपटी दिसते, नजर हटवल्यावरही आकृती डोळ्यांपुढे राहते, आकाशात बारीक वाळू उडताना दिसते. या दृष्टिभ्रमाला मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र नाव आहे. शरीरात पदार्थच उरलेला नसेल, तर बाहेर काढायचे काय? जो बदल आहे तो मेंदूच्या कामकाजात आहे, आणि त्याला ‘धुऊन काढणे’ ही कल्पनाच लागू पडत नाही.

एकवीस दिवसांचा आकडा लोकांना सर्वांत जास्त पटतो, कारण तो पुष्कळदा खरा ठरल्यासारखा दिसतो. गांजा सोडल्यावर चिडचिड, भूक मंदावणे, अस्वस्थता आणि विचित्र स्वप्ने ही लक्षणे साधारणपणे पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात कळसाला पोहोचतात आणि बहुतेकांमध्ये दोन-तीन आठवड्यांत ओसरतात; झोपेचा त्रास मात्र त्याहून लांबू शकतो. टीएचसी मेंदूतील ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या पकडजागांवर, बसते, ते रोजच्या सेवनाने कमी झालेले असतात. मेंदूची चित्रे घेऊन केलेल्या अभ्यासांत ते सोडल्यानंतर दोन दिवसांतच सावरू लागलेले आणि सुमारे चार आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत झालेले दिसले आहेत. म्हणजे चौथ्या दिवशी, त्रास सर्वांत जास्त असताना, ज्याने कोकमाचा अर्क सुरू केला त्याला विसाव्या दिवशी बरे वाटणारच होते. त्याने त्याऐवजी रोज सायंकाळी जेटीपर्यंत फेरी मारली असती, तरीही बरे वाटले असते. मग तो मनापासून इतरांना सांगतो की मला गुण आला, आणि संदेश पुढे जातो. तो खोटे बोलत नसतो. मेंदूने स्वतःहून भरून काढलेल्या जखमेचे श्रेय तो बाटलीला देत असतो. ज्यांना एकवीस दिवसांत गुण येत नाही ते गप्प बसतात, म्हणून त्यांचे अनुभव कोणापर्यंत पोहोचत नाहीत.

मासे बंद करून मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल घ्यायच्या, हे आपल्या किनाऱ्यावर कोणाला कसे पटते, हेच मला कळत नाही. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ भरपूर असते आणि हंगामात ते कॅप्सूलच्या डबीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. या तेलाबद्दलची आशा मात्र हवेतली नव्हती, हेही सांगायला हवे. २०१० मध्ये व्हिएन्नातील एका चाचणीत, मनोविकृतीच्या (भास आणि भ्रम होणाऱ्या आजाराच्या) उंबरठ्यावर असलेल्या ८१ तरुणांपैकी ज्यांना बारा आठवडे हे तेल दिले, त्यांच्यात वर्षभरात आजार उफाळण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ती बातमी जगभर गेली. पुढे अनेक केंद्रांत मिळून ३०४ जणांवर तशीच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात तेल घेणारे व नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. एन-असिटिलसिस्टीन या पूरकाचीही हीच गत झाली : किशोरवयीनांना गांजा सोडताना २०१२ च्या चाचणीत त्याची मदत झालेली दिसली, पण २०१७ मध्ये ३०२ प्रौढांवरच्या चाचणीत ती दिसली नाही. शिवाय तो प्रश्न व्यसन सोडण्याचा होता, सोडल्यानंतर रेंगाळणाऱ्या लक्षणांचा नव्हता. संदेशात पहिल्या चाचण्यांचा उल्लेख आहे, दुसऱ्यांचा नाही.

नारळपाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मूत्रपिंडे धड असतील तर ते खुशाल प्यावे, डोक्यावरचा उपाय म्हणून मात्र नव्हे. आमसूल, आगळ, सोलकढी हेही आपले रोजचे अन्न आहे. पण ‘कोकमाचा अर्क’ म्हणून जी कॅप्सूल येते, तिच्यात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल एकवटलेले असते, आणि कोकमाच्याच कुळातील झाडापासून केलेल्या अशा वजन घटवण्याच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अश्वगंधेबाबतही तेच. वैद्याने प्रकृती पाहून दिलेले चूर्ण वेगळे आणि तीन कंपन्यांचे अर्क एकाच वेळी घेणे वेगळे. त्याने गुंगी वाढते, थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण वर जाऊ शकते, आणि काहींना कावीळ झाल्याच्याही नोंदी आहेत.

बी जीवनसत्त्वांच्या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. गेल्या मार्गशीर्षात एक मुलगा आईला घेऊन दुकानात आला. वडिलांबरोबर होडीवर जाणारा, वय तेवीस-चोवीस, गोव्यात दोन हंगाम काम करताना गोळ्यांची सवय लागलेली, आणि ती सोडून चार महिने झालेले. आईने कापडी पिशवीतून सात बाटल्या काढून काउंटरवर ओळीने मांडल्या आणि विचारले, ‘‘भाऊ, ह्यातली खयची चालू ठेवची नि खयची बंद करूची?’’ मुलाचे म्हणणे असे की डोके थोडे हलके आहे, पण आता तळव्यांना मुंग्या येतात आणि जाळे विणताना गाठ बसली की नाही हे बोटांना कळत नाही, पाहून खात्री करावी लागते. मी भिंगाने एकेक लेबल वाचले. ‘नसांची ताकद’ म्हणून घेतलेल्या गोळीत बी-६ शंभर मिलिग्रॅम होते आणि ती दिवसातून दोनदा चालू होती. दुसऱ्या बाटलीत पन्नास, मॅग्नेशियमच्या गोळीत पंचवीस, ‘स्मरणशक्ती’च्या कॅप्सूलमध्ये दहा. बेरीज २८५ मिलिग्रॅम झाली. माणसाची दिवसाची गरज दोन-तीन मिलिग्रॅमच्या आसपास असते. युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठरवली आहे, आणि अमेरिकेतील जुनी, अधिक सैल मर्यादाही १०० मिलिग्रॅमची आहे. बी-६ अति झाले की संवेदना वाहून नेणाऱ्या नसांनाच इजा होते. नसांसाठी घेतलेल्या गोळ्यांनी नसा बिघडाव्यात आणि तो बिघाड पुन्हा ‘नशेचा परिणाम’ म्हणून मोजला जाऊन आणखी एक बाटली विकत घेतली जावी, हे चक्र मी त्या काउंटरवर डोळ्यांनी पाहिले. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटांच्या पुडीचेही असेच होते. आठवड्याला एक घ्यायची ती रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होतात आणि बुद्धीला भ्रम होतो.

५-एचटीपी या संचातील सर्वांत धोक्याची वस्तू आहे असे मला वाटते, कारण रेंगाळणाऱ्या भीतीसाठी डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्राम किंवा तत्सम गोळी देतात, आणि दोन्ही मिळून सेरोटोनिन मर्यादेबाहेर गेले तर घाम, थरथर, ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि घाबरेपणा अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. ‘नैसर्गिक अमिनो आम्ल’ या शब्दांनी निर्धास्त होणाऱ्यांना १९८९ सालची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या वर्षी अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या झोपेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या पूरकाच्या दूषित मालामुळे दीड हजारांहून अधिक लोक स्नायूंच्या आणि रक्ताच्या गंभीर आजाराने ग्रासले आणि तिसाहून अधिक जण दगावले.

मीठ बंद करणे आणि तिसऱ्या दिवशी गोळ्या थांबवणे हे दोन सल्ले एकत्र वाचावेत. ज्याला मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरची लिथियम ही गोळी चालू आहे त्याने वैशाखाच्या उकाड्यात घाम गाळत मीठ तोडले, तर मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि तीच गोळी विषारी पातळीला जाते. क्लोनाझेपाम ही भीती शमवणारी गोळी बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. मनोविकृतीवरची गोळी सोडली तर पहिले काही दिवस उलट मोकळे वाटते, कारण गुंगी जाते. आजार मागाहून परततो. म्हणूनच ‘तिसऱ्या दिवशी सोडली आणि पाचव्या दिवशी छान वाटले’ हे प्रशस्तिपत्र माझ्या दृष्टीने धोक्याची सूचना आहे.

भिंतीकडे रोज पाहण्याचा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण जग खोटे वाटण्याची भावना आणि डोळ्यांपुढचे ठिपके हे दोन्ही भीतीने आणि लक्ष देण्याने वाढतात. दाताच्या फटीत जीभ जावी तसे मन पुन्हा पुन्हा तिथे जाते. ज्यांचे लक्ष जाळ्यात, बागेत, कुठल्यातरी कामात गुंतले, त्यांना ठिपके दिसत असूनही त्यांचा जाच कमी झाल्याचे मी अनेकदा ऐकले आहे.

मग आहाराचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. दारूच्या बाबतीत तर एक जीवनसत्त्व जीव वाचवते : वर्षानुवर्षे दारू पिऊन नीट न जेवलेल्या माणसात थायमिन कमी पडले, तर गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड आणि तोल जाणे अशी अवस्था येते, आणि तिथे रुग्णालयात इंजेक्शनने थायमिन द्यावे लागते, गोळीवर भागत नाही. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे सामान्य आहे, आणि त्याने विस्मरण व उदासी येते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन यांचीही तपासणी करून घ्यावी. रात्री उशिरा घेतलेला कडक चहा धडधड वाढवतो, हे आपण सगळेच जाणतो. कमी काय आहे ते रक्ताच्या तपासणीत पाहून ते एक भरून काढणे हा उपचार आहे. सात बाटल्या एकाच दिवशी उघडल्या, तर गुण आला तरी कशाने आला आणि बाधा झाली तरी कशाने झाली, हे कधीच कळत नाही. कोणाला काही करून पाहायचेच असेल, तर डॉक्टरांना सांगून एका वेळी एकच वस्तू, महिनाभर, तारीख आणि मात्रा वहीत लिहून करावी.

शेवटचे विधान मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते : त्रास वाढला तर विष बाहेर पडते आहे. या एका वाक्याने घरच्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. कानात आवाज येणे, शेजारी कट करत आहेत अशी खात्री वाटणे, तीन-तीन रात्री न झोपता बोलत राहणे, जगण्यात अर्थ नाही असे म्हणणे, यांपैकी काहीही दिसले तर विसाव्या दिवसाची वाट पाहायची नसते. डेन्मार्कमध्ये नशेमुळे मनोविकृती झालेल्या हजारो रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गांज्यामुळे मनोविकृती झालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना पुढील वर्षांमध्ये स्किझोफ्रेनिया (दीर्घकाळ टिकणारी मनोविकृती) किंवा द्विध्रुवी विकार (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) झाल्याचे आढळले, आणि हे नुसत्या धुक्याविषयी किंवा भीतीविषयी नसले, तरी असे निदान एकदा झालेल्या मुलावर घरच्यांनी किती वर्षे लक्ष ठेवायला हवे, ते त्यावरून कळते. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. डॉक्टरांना काय ओढले, काय गिळले ते खरे सांगावे. भासकारक पदार्थांनंतरच्या दृष्टिभ्रमात लॅमोट्रिजिन (झटक्यांवरची गोळी) किंवा क्लोनाझेपामने काहींना आराम पडल्याच्या नोंदी आहेत, तर रिस्पेरिडोन या मनोविकृतीवरच्या गोळीने काहींचा त्रास वाढल्याच्याही आहेत. गोळी निवडताना त्या एका माहितीने फरक पडतो. ती माहिती अब्रूच्या भीतीने घरचेच दडवतात.

त्या मुलाच्या सात बाटल्यांपैकी सहा डॉक्टरांनी बंद केल्या. रक्तात बी-१२ कमी निघाले म्हणून तेवढे इंजेक्शन ठेवले. शिमग्याच्या सुमारास तो पुन्हा आला, तेव्हा म्हणाला की दुपारच्या उन्हात पाण्याकडे पाहिले की ठिपके अजून दिसतात, तळव्यांच्या मुंग्या निम्म्याने कमी आहेत, आणि जाळ्याची गाठ आता उजव्या हाताला न पाहता कळते, डाव्या हाताला अजून नाही.