विहिरीनं बिऱ्हाड हलवलं

माझा डावा बूट आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरच्या चिखलात राहिला आहे आणि त्याला ट्रॅक्टरवरचे ते आजोबा जबाबदार आहेत. हे आधीच सांगून टाकतो.

आयर्लंडमध्ये सुमारे ३,००० पवित्र विहिरी आहेत. डोळ्यांसमोर रहाट, मोट येत असेल तर पुसून टाका. बहुतेक ठिकाणी दगडांनी बांधून घेतलेला नुसता झरा असतो. कुठली दाढदुखीवर, कुठली चामखिळीवर. केरीतल्या एका खोऱ्यात वेडावरही आहे. आधी तिथं जा, असं बायकोचं मत.

१९३७ ते १९३९ मध्ये तिकडच्या शाळकरी पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून असल्या गोष्टी वह्यांत उतरवल्या. त्या आता इंटरनेटवर आहेत. वाचल्या की माणूस वाया जातो. अशाच एका वहीतली डोळ्यांची विहीर शोधत मी भर पावसात एका शेताच्या फाटकाशी उभा होतो. समोर दलदल, आणि माझ्याकडे टक लावून बघणारी खोंडं.

आजोबांनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. हा तिकडचा नमस्कार.

"विहीर? ती गेली."

"आटली?"

"छे! उठून गेली. आमच्या पणजीच्या वेळी एका बाईनं तिच्यात कपडे धुतले. विहिरीला खपलं नाही. रातोरात टेकडीपलीकडे गेली."

अपमान झाला की विहीर जागा सोडते, हे मी वाचलं होतं. पण शेजारचे जोशी कोथरूडला गेले, या सुरात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

"कोण बाई?"

त्यांनी हनुवटीनं पलीकडचं घर दाखवलं. "त्यांच्यातली. आम्ही अजून बोलत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही कुठले?"

"डब्लिन."

"त्याआधी?"

"पुणे."

"आणि त्याआधी?"

"पुण्याच्या आधी काही नसतं."

हे त्यांना पटलेलं दिसलं. बहुधा त्यांच्या गावाचंही तसंच असावं. मग सूचना सुरू झाल्या. प्रदक्षिणा सूर्याच्या दिशेनं घाला. पाण्यात ट्राउट मासा दिसला तर काम होतं. ते पाणी चहाला नेऊ नका, उकळत नाही. "आणि असे शेतातून जा. कोरडं आहे."

कोरडं! गुडघ्यापर्यंत रुतलो. आजोबांनी इंजिन बंद केलं, नीट बघता यावं म्हणून. पलीकडे पोहोचलो तर डांबरी रस्ता, पाटी आणि गाड्या लावायला प्रशस्त जागा. "रस्ता आहे की!" मी ओरडलो. "आहे ना," ते तिकडून म्हणाले, "पण तुम्हाला जुनंच हवं होतं."

विहिरीवरच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या. चिंधी कुजते तसतसं दुखणं जातं, अशी समजूत. पूर्वी सुती, लोकरी कापड असायचं, कुजायचं. आता नायलॉनच्या फिती, मास्क, केसांचे रबर. पॉलिएस्टर कधी कुजणार? म्हणजे यांचे गुडघे पतवंडांपर्यंत दुखणार. आणि फांद्या आवळल्या जातात त्या वेगळ्याच. १७०४ च्या कायद्यानं विहिरींवर जमणाऱ्यांना १० शिलिंग दंड होता, नाही भरला तर फटके. विहिरी त्यालाही पुरून उरल्या. पण भक्तांना कोण आवरणार? देवस्थान म्हटलं की कचरा करायचा परवानाच, तिकडेही!

तरी एका बुटावर प्रदक्षिणा घातल्या. वाकून पाहिलं तर तळाशी काहीतरी चंदेरी चमकलं. मासा! मी आनंदानं किंचाळलो. शेतापलीकडून आजोबांनीही टोपी हलवली.

चिप्सचं पाकीट होतं. चीज अँड अनियन.