पोरांच्या हातात जगबुडीच्या कादंबऱ्या द्याच

इंग्रजीत वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी एक कादंबरीप्रकार आहे, जगावर मोठं संकट येतं, लाइट जाते, दुकानं रिकामी होतात आणि एक साधं चारचौघांसारखं कुटुंब घरात बसून तग धरतं. आमच्या एका ग्रुपवर परवा यावर चर्चा झाली, बहुतेकांचं म्हणणं असं की असलं काही पोरांना देऊच नये, आधीच काय कमी टेन्शन आहे का त्यांना, उगाच डोक्यात भीती बसते. मला हे अजिबात पटलं नाही अन कमेंटमध्ये मावणारं पण नाही म्हणून इथं लिहायलेय.

यातली एक गाजलेली कादंबरी म्हणजे सुझन बेथ फेफर यांची 'लाइफ अ‍ॅज वुई न्यू इट', 2006 सालची. चंद्रावर लघुग्रह आदळतो, चंद्र पृथ्वीच्या जवळ सरकतो, भरती-ओहोटीचं गणित बिघडून सुनामी येतात, मग ज्वालामुखी फुटतात आणि राखेनं आभाळ झाकून ऊनच मिळेनासं होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणारी सोळा वर्षांची मिरांडा हे सगळं डायरीत लिहिते. चंद्राचं जाऊ द्या, पण राखेचं खरंच घडलेलं आहे. 1815 ला इंडोनेशियात टंबोरा फुटला आणि 1816 मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही, पिकं गेली, आपल्याकडचा पावसाळा सुद्धा बिघडला होता.

पण या पुस्तकाची ताकद विज्ञानात नाहीच, ती स्वयंपाकघरात आहे. मिरांडाची आई सुरुवातीलाच पोरांना घेऊन सुपरमार्केटमध्ये जाते, रोख पैसे मोजून ट्रॉल्या भरते, डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधं, आणि मग महिने जातात तसं ताटातलं कमी व्हायला लागतं, आणि आई स्वतः कमी खायला लागते. हे कुणी बोलून दाखवत नाही, पोरीला ते हळूहळू दिसतं.

माझी भाची नववीत आहे, तिला मी हे वाचायला दिलं. त्या भागाशी आली तेव्हा पुस्तक उलटं ठेवून मला म्हणाली, मावशी, आजी पण असंच करते की, सगळ्यांचं झाल्यावर बसते अन भाकरी एकच उरली असली तर म्हणते मला भूकच नाही. इतकी वर्षं रोज समोर घडणारी गोष्ट, ती तिला दिसली एका अमेरिकन पोरीच्या डायरीमुळं. आता ती जेवताना टोपल्यात किती भाकरी उरल्यात ते बघून मगच हात घालते. याला मी भीती म्हणणार नाही, पोरगी जाणती व्हायलीय.

आणि भीतीचंच बोलायचं तर सोलापूरच्या पोरांपासून आपण नेमकं काय लपवणार? नळाला रोज पाणी येत नाही ते त्यांना पाठ आहे, रात्री दोनला उठून नळाला फडकं बांधून ड्रम भरायला तीच तर मदत करतात. उजनी धरण मायनसमध्ये गेलं हे वाक्य ती दर उन्हाळ्यात ऐकतात (धरणातला निम्म्याहून जास्त साठा 'मृतसाठा' धरतात, पाणी त्याच्या पातळीखाली गेलं की मायनस म्हणतात, म्हणजे मायनस म्हटलं तरी धरणात पाणी असतं, पण हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही). 2020 च्या लॉकडाउनमध्ये शहराच्या पूर्व भागातले कापडाचे यंत्रमाग बंद पडल्यावर गल्लीत किती शांतता झाली होती ते त्यांनी ऐकलंय, घरी वळायला विडीचं पान आलं नाही की आईचा चेहरा कसा होतो ते बघितलंय. हे सगळं त्यांच्या आत आहेच की ओ, फक्त त्यावर बोलायला जागा नाही. गोष्ट ती जागा देते, म्हणून तर मी एवढी पोटतिडकीनं सांगतेय.

पुस्तकात मला एक गोष्ट खटकते. ते कुटुंब शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंना धरून असतं, पण आईचा सगळा जोर 'आधी आपलं घर' यावर, बाकी जग दाराबाहेर. आपल्याकडं चाळीत, वाड्यात असं दार बंद होऊच शकत नाही, शेजारच्या घरी चूल पेटली नाही हे दहा मिनिटांत कळतं. म्हणून ही गोष्ट मराठीत, इथली, सोलापूरची लिहिली गेली पाहिजे असं मला फार वाटतं. माल पण काय कमी आहे का? डबाबंद अन्नाच्या जागी आपल्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी, फ्रीज लागत नाही, महिनोन्महिने टिकतं. ज्वारी साठवायचं पेव, म्हणजे जमिनीतलं खोल कोठार, ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा विषारी झालेली असते, आधी वारं लागू द्यायचं अन कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. एवढ्या एका प्रसंगावर अख्खं प्रकरण होईल. 72 च्या दुष्काळात ज्या पोरी सोळाच्या होत्या, खडी फोडायला गेल्या, दुष्काळात वाटलेली सुकडी खाल्ली, बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या, त्या आज सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून हे आपण फक्त 'आमच्या वेळी असं होतं' एवढंच ऐकतो. सोळाव्या वर्षी तिला काय वाटत होतं, शाळा सुटली तेव्हा ती कुणावर चिडली, हे कुणी विचारलेलंच नाही.

आणि दामाजीपंत! मोठ्या दुष्काळात मंगळवेढ्याला त्यांनी आपल्या ताब्यातलं बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांना उघडून दिलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, विठू महार होऊन विठ्ठल बिदरला पैसे भरून येतो तिथं ती संपते. पण कोठार उघडल्यापासून ते पैसे पोचेपर्यंत त्या घरात काय चाललं असेल? बादशहाची माणसं धरून न्यायला येणार हे माहीत असताना घरातली पोरगी रात्री झोपली असेल का, तिला बापाचा अभिमान वाटला असेल की राग आला असेल, आईनं विचारलं असेल का की आमचं काय? मला ही कादंबरी वाचायचीय, अन माझ्या भाचीला वाचायला द्यायचीय.

इथं लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून मुद्दाम सांगते, कुणी असं काही लिहायला घेतलं असेल, अर्धवट असलं तरी चालेल, मला इनबॉक्समध्ये पाठवा. मी वाचीन आणि नववी-दहावीच्या पोरींना वाचायला देऊन त्या काय म्हणतात ते जसंच्या तसं कळवीन. आणि ज्यांच्या घरात 72 बघितलेली आजी आहे त्यांनी या सुट्टीत पोरांना तिच्याजवळ बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, प्रश्न पोरांनाच विचारू द्या.