टेक्स्टजॉइन असताना एवढं लांबण कशाला? – उत्तर

नमस्कार सर,

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की एक्सेलमध्ये वेगवेगळ्या सेलमधले पत्त्याचे तुकडे कॉमा देऊन, रिकामे सेल गाळून जोडायचं काम टेक्स्टजॉइन या फंक्शनने एका ओळीत होतं, ते मी उगाच लांबण लावून शिकवलं, आणि वर माझा ट्रिम-सबस्टिट्यूटवाला फॉर्म्युला पत्त्यांची वाट लावतो.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी सगळे सेल मध्ये स्पेस देऊन जोडले, ट्रिम मारला (म्हणजे जादा स्पेस काढल्या) आणि मग सबस्टिट्यूटने स्पेसच्या जागी कॉमा टाकला, त्यामुळे रिकामे सेल गळतात खरे, पण "सदाशिव पेठ"चं "सदाशिव, पेठ" होतं. माझ्या सॅम्पलमध्ये सगळे एकेकच शब्द होते म्हणून लक्षातच आलं नाही, चूक माझीच. आता तिथे हा टाकलाय:

=मिड(इफ(बी२="","",", "&बी२)&इफ(सी२="","",", "&सी२)&इफ(डी२="","",", "&डी२), ३, २००)

प्रत्येक तुकडा आपला कॉमा सोबत घेऊन येतो, सेल रिकामा असेल तर कॉमाही येत नाही, आणि मिड तिसऱ्या अक्षरापासून उचलतो म्हणून सुरुवातीचा कॉमा नि स्पेस उडतात.

पण सरसकट टेक्स्टजॉइनच शिकवा, हे नाही पटत. ते एक्सेल २०१९ पासून आलं. आमच्या पतपेढीच्या वार्षिक सभेच्या नोटिसांचे पत्ते मी घरी टेक्स्टजॉइनने जोडून नेले, ऑफिसच्या २०१० मध्ये फाइल उघडली तर सगळे पत्ते नीट दिसत होते, मला वाटलं जमलं. मग ऑफिसमधल्या ताईंनी एका सेलवर एफ टू दाबून एंटर मारलं, म्हणजे फॉर्म्युला पुन्हा चालला, आणि तिथे नेम एरर, म्हणजे हे फंक्शन एक्सेलला ओळखूच येईना! फॉर्म्युल्याच्या आधी एक्सएलएफएन असं काहीतरी चिकटलेलं. म्हणजे तोवर दिसत होतं ते घरी काढलेलं जुनंच उत्तर होतं. अशा मशीनवर रोज काम करणाऱ्यांसाठी ते लांबण आहे सर.

नवं एक्सेल किंवा गूगल शीट्स असेल तर खुशाल टेक्स्टजॉइन वापरा, मीही वापरते, फक्त कंसात दुसऱ्या जागी ट्रू द्यायला विसरू नका, त्यानेच रिकामे सेल गळतात. आणि ज्या सेलमध्ये नुसती एक स्पेस पडलीये तो दिसतो रिकामा पण एक्सेल त्याला रिकामा धरत नाही, मग "पेठ,  , पुणे" असं येतं, माझ्या मिडलाही तोच त्रास आहे, त्यामुळे आधी डेटा ट्रिम करून घ्या.

जुन्या मशीनवर फाइल पाठवायची तर कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज करता येतं, म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसतं उत्तर उरतं, पण मग सभासदाने घर बदललं की जोडलेला पत्ता जुनाच राहतो, म्हणून पतपेढीची फाइल मी मिडवरच ठेवलीये.