हवालदार, मोलकरीण आणि मामांचा फॉरवर्ड

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. पहिला मान आमच्या थोरल्या मामांचा, सकाळी सहाला. मजकूर साधारण असा: डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, सदाशिव अमरापूरकर, लक्ष्मीकांत बेर्डे, रीमा लागू ही माणसं अभिनयात कुणालाही भारी होती, पण मराठी म्हणून हिंदीवाल्यांनी त्यांना स्टार होऊ दिलं नाही. घराणेशाहीनं वाट अडवली. त्यांच्या वाट्याला फक्त नोकर, मोलकरीण आणि हवालदार आले. हॉलीवूडमध्ये असते तर ऑस्कर मिळालं असतं. मराठी प्रेक्षकानं मात्र त्यांना डोक्यावर घेतलं, तरी शेवटी बिचारे उपेक्षितच गेले. खाली चार फोटो, आणि ‘अस्सल मराठी असाल तर पुढे पाठवा’.

मी पाठवला नाही. मामांना उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबलं.

मामा, आधी ‘मराठी म्हणून’ हे बघू. १९७७चा ‘घरौंदा’ तुम्हीच मला पहिल्यांदा दाखवला होतात. मुंबईत डोक्यावर छप्पर हवं म्हणून पैसे साठवणारी दोघं, आणि त्या मुलीवर जीव जडलेला तिचा श्रीमंत, हृदयविकारानं खचलेला मालक. मालक झाले डॉ. लागू; त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. आणि नायक कोण? अमोल पालेकर. दोघंही मराठी, दोघंही नाटकातून आलेले, सिनेमा एकच. एक नायक झाला, दुसरा झाला नाही. मग आडनावानं काय सिद्ध होतं? पालेकर ‘रजनीगंधा’त आले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. लागूंचा जन्म १९२७चा. कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नट झाले ते १९६९ला, बेचाळिसाव्या वर्षी. त्यांचा ‘पिंजरा’ पडद्यावर आला तेव्हा पंचेचाळिसावं. त्या वयात कोणता निर्माता त्यांना झाडांभोवती पळवणार होता, आणि ते तरी पळाले असते का?

बाकी नूतन, माधुरी दीक्षित, नाना पाटेकर ही नावं तुम्हालाही पाठ आहेत. शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळुरूच्या मराठी घरातला मुलगा तर तमिळमध्ये रजनीकांत झाला.

एक मात्र मान्य. हिंदी-उर्दूचे उच्चार आपल्याकडच्या बऱ्याच जणांना नडले. प्रेमाचे संवाद बोलताना ‘ज’ घसरला की प्रेक्षक हसतो. पण ही गोष्ट जिभेची आहे. तिला कटाचं रूप देऊ नका.

घराणेशाहीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो मुद्दा आपल्याच अंगावर उलटतो. नूतनला १९५०मध्ये ‘हमारी बेटी’तून पडद्यावर आणलं ते तिच्या आईनं, शोभना समर्थांनी. मग तनुजा, मग काजोल. हिंदी सिनेमातलं एक मोठं घराणं माहेरच्या बाजूनं मराठी आहे, हे मेसेज लिहिणारा सोयीनं विसरला.

आता ‘फक्त नोकर, मोलकरीण आणि हवालदार’. इथे जरा थांबतो, कारण यात अर्धं खरं आहे.

‘अर्धसत्य’ घ्या. १९८३, गोविंद निहलानी. त्यातला पोलीस अधिकारी अनंत वेलणकर हा मराठी माणूस, आणि तो केला अंबाल्याच्या ओम पुरींनी. समोरचा रामा शेट्टी केला आपल्या नगरच्या अमरापूरकरांनी. म्हणजे वर्दी पंजाब्याकडे आणि सत्ता मराठी नटाकडे! रामा शेट्टी पडद्यावर फार वेळ नाही. तो ओरडत नाही, हातवारे करत नाही. वाक्य असं सैल सोडतो की जणू समोरच्याला उत्तर द्यायचीही त्याला फारशी गरज वाटत नाही, आणि वेलणकर आतून उकळत राहतो. जे उच्चार एखाद्या नायकाला नडले असते ते इथे भांडवल झाले. त्याचा फिल्मफेअर मिळाला, आणि पुढे ‘सड़क’मधल्या महारानीसाठी खलनायकाचाही. यात हवालदार कुठे आहे? त्याच वर्षी ‘जाने भी दो यारो’ आला. त्यात भक्ती बर्वे एका नियतकालिकाची आतल्या गाठीची संपादक आहे. मोलकरीण नव्हे.

अर्ध्या खऱ्याला नाव आहे, लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’नंतर ज्याला बघायला गावोगाव थिएटरवर झुंबड उडायची, तो पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’मध्ये नायकाच्या घरचा नोकर. मग ‘हम आपके हैं कौन’मध्ये पुन्हा नोकर. ते बघताना मलाही कसंसं होतं, मामा. नाकारण्यात अर्थ नाही.

पण हवालदार आणि नोकर मराठीच का, हेही बघा. मी काही वर्षं पुण्यात नाटकांच्या प्रयोगांना म्युझिक ऑपरेट करायचो. आमचा एक नट (नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही) शनिवारी मुंबईहून शूटिंग आटपून थेट बालगंधर्वला यायचा. विंगेत उभा राहून कानामागचा मेकअप खोबरेल तेलानं पुसायचा. एकदा शर्टाच्या खिशातून रुमाल काढताना हवालदाराची खोटी मिशी खाली पडली. ती उचलून त्यानं जपून पाकिटात ठेवली, कारण सोमवारी पुन्हा तीच लावायची होती. ‘तीन दिवस, चार वाक्यं, पोराची फी,’ एवढंच म्हणाला. हिंदीच्या निर्मात्याला मुंबईतच राहणारा, पाठांतर पक्कं असलेला, पहिल्या टेकमध्ये काम देणारा आणि नायकासाठी खोळंबून न कुरकुरणारा माणूस हवा असे. असा माणूस दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात जाऊन हुडकला तर सापडायचाच. नटाला सोमवार ते शुक्रवार मोकळा असे आणि प्रयोगाच्या नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, घर चालत नसे. दोघांची गरज जुळायची. स्टार व्हायचं तर महिनोन्‌महिने तारखा देऊन बसावं लागतं, आणि त्यासाठी नाटक सोडावं लागतं. आमच्या नटाला ते नको होतं. त्याच्याकडे कुणी आग्रह धरला होता अशातलाही भाग नाही म्हणा.

ऑस्करच्या गप्पा सोडा. प्रत्यक्ष घडलं ते जास्त बोचरं आहे. रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा करून रोहिणी हट्टंगडींनी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवला. त्यानंतर हिंदीनं त्यांना काय दिलं? ‘अग्निपथ’मध्ये अमिताभची आई. अमिताभ त्यांच्याहून वयानं मोठे! तुमच्या मेसेजमध्ये त्यांचं नावसुद्धा नाही. रीमाताईंचं आहे, पण त्यांचा हिशेब कुणी मांडलेला नाही. रीमा लागूंचा जन्म १९५८चा, संजय दत्तचा १९५९चा. ‘वास्तव’मध्ये त्या त्याची आई आहेत, आणि शेवटी स्वतःच्या हातानं त्याला गोळी घालतात. वर्षभराच्या अंतराचा मुलगा समोर असूनही तुम्हाआम्हाला क्षणभरही खोटं वाटत नाही, हे बाईंचं काम. पण ‘वास्तव’चा दिग्दर्शक कोण होता? महेश मांजरेकर. या अन्यायाला मराठी-अमराठी असं लेबल लावता येत नाही. पस्तिशी जवळ आली की नटी आई होते आणि नट पन्नाशीतही कॉलेजात जातो, हे सगळ्यांनी मिळून केलं. मेसेज नेमका तिथे गप्प बसतो.

आणि ‘मराठी प्रेक्षकानं डोक्यावर घेतलं’? घेतलं, पण आपल्या अटींवर. १९९२मध्ये जब्बार पटेलांनी लक्ष्याला घेऊन ‘एक होता विदूषक’ केला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोर. तमाशातला सोंगाड्या मोठा होतो, सत्तेच्या जवळ जातो आणि हसवता हसवता हरवतो. लक्ष्याच्या चेहऱ्यावर तिथे जे दिसतं ते आधी कधी दिसलं नव्हतं. सिनेमा चालला नाही. हिंदीनं त्याला नोकर केलं म्हणून आपण गळा काढतो, पण विनोदाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही ते आपणच. कोल्हापूरचे गणपत पाटील आठवा. तमाशापटांत नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, इतका हुबेहूब उभा केला की लोक त्यांना घरीदारीही तसंच समजू लागले आणि त्याचा त्रास घरच्यांनी सोसला. तो प्रेक्षक चंडीगडचा नव्हता.

राहिलं ‘उपेक्षित’. निळूभाऊंना हा शब्द ऐकून हसू आलं असतं. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात तयार झालेला हा माणूस. त्याचा पडद्यावरचा पाटील बघून गावच्या बाया शिव्याशाप द्यायच्या. ‘सामना’ १९७५मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यात लागू आणि निळूभाऊ समोरासमोर बसलेत. एकजण परत परत तोच प्रश्न विचारतोय, दुसरा हसत टाळतोय, आणि टाळता टाळता हसणं कधी आटलं ते कळतही नाही. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे करायचे ठरलं तेव्हा हीच मंडळी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत महाराष्ट्रभर फिरली. चळवळीत आयुष्य घातलेल्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. तनुजाही होत्या त्यात. उपेक्षित माणसाचं नाव लावून तिकिटं खपत नाहीत, मामा.

शेवटचं, त्या फोटोंचं. दुसरा फोटो नीट बघा. खाली ‘नटसम्राट डॉ. लागू’ असं लिहिलंय, पण फोटो दत्ता भटांचा आहे. लागूंच्या नंतर ‘नटसम्राट’ नाटकातला नायक बेलवलकर त्यांनीही केला, आणि तुमच्या यादीत त्यांचं नाव नाही.

मामांनी वाचून अंगठा दाखवला. परवा दुसऱ्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आला. ‘ऑस्कर’च्या जागी कुणीतरी ‘भारतरत्न’ केलं होतं. फोटो तोच होता.