तोंडी परीक्षेतले अठरा गुण : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली आणि आज सकाळी स्टाफरूममध्ये माझ्या सहकारी मॅडमना मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या ठाण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात यंदा अकरावीच्या इंग्रजीची आखणी आणि परीक्षा आम्ही कशा बदलल्या, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. मुलांच्या गुणांवर प्रयोग करू नका, हा पहिला. इंग्रजीच्या तासाला मराठी चालवून घेणं म्हणजे दर्जा घालवणं, हा दुसरा. व्याकरण वाऱ्यावर सोडलंत, हा तिसरा. चौथा तुमच्याच शब्दांत देते : "तोंडी परीक्षा म्हणजे शेवटी तपासणाऱ्याची मर्जी. आम्ही वीसपैकी अठरा सगळ्यांनाच देत आलो. गरिबाची पोरं पास झाली. त्यात कुणाचं काय बिघडलं?" तुम्ही एकतीस वर्षं हा विषय शिकवलात. आभार मानून दोन ओळींत उत्तर संपवणं मला पटेना.

सुरुवात चौथ्यापासूनच करते, कारण तो माझ्या जिव्हारी लागला.

कळव्याची एक मुलगी चार वर्षांपूर्वी आमच्याकडून कॉमर्समधून बारावी झाली. इंग्रजीत ७४ गुण. तोंडीत तिला अठरा मीच दिले होते. परवा जुलैमध्ये ती भेटायला आली, ऐरोलीच्या एका कंपनीत मुलाखत देऊन. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम होतं. पहिल्याच फेरीत कानाला हेडफोन लावून एका ग्राहकाचं बोलणं ऐकवलं आणि विचारलं, या माणसाला नेमकं काय हवंय ते तुमच्या शब्दांत सांगा. ती मला म्हणाली, "मॅडम, शब्द सगळे ओळखीचे होते. पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असायची." दोन वर्षं ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होती. त्या दोन वर्षांत मी तिला एकदाही काही ऐकवून त्यावर प्रश्न विचारला नव्हता.

सर, बिघडलं ते हे. ते अठरा गुण मी मायेनेच दिले होते. पण तिला काय येत नाही हे त्या गुणांमुळे तिलाही कळलं नाही आणि मलाही. घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायट्यांतल्या ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलतात, त्यांचं या अठरा गुणांनी काही अडत नाही. ती बाहेर शिकतात. जिला कॉलेजशिवाय दुसरीकडे कुठेच इंग्रजी ऐकायला-बोलायला मिळणार नाही, तिच्याच वाट्याचा तास आपण अशा वेळी काढून घेतो. कारण जे परीक्षेत खरोखर विचारलं जात नाही, ते वर्गात शिकवलं जात नाही. नव्वदच्या वर मुलांची तुकडी, पोर्शन संपवायची घाई, त्यात तोंडीचे गुण ठरलेलेच असतील तर बोलण्याच्या सरावाला तास कोण देणार? मीही दिला नव्हता.

आता गुणांवरचा प्रयोग. अकरावीची परीक्षा महाविद्यालय स्वतः घेतं आणि बोर्डाची परीक्षा बारावीला, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण बोर्ड तरी काय विचारतं, ते एकदा माझ्याबरोबर मोजा. बारावीचं नवं पुस्तक २०२० मध्ये आलं. त्यावरची कृतिपत्रिका, म्हणजे लेखी प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात न पाहिलेल्या उताऱ्याला १२, त्याच उताऱ्याच्या सारांशाला ३, माइंड मॅपिंगला (एका विषयाभोवती सुचणाऱ्या मुद्द्यांचा आराखडा काढायचा) ३ आणि लेखनकौशल्याला १६. झाले ३४. म्हणजे ८० पैकी ३४ गुण असे, की गाइड कितीही पाठ केलं तरी हातात तयार उत्तर नसतं. पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात, तिथे ३४ ही लहान गोष्ट नाही. आणि आपण अकरावीला काय करत होतो? घटक चाचणीत पुस्तकातलाच उतारा, त्याखाली वर्गात लिहून दिलेलेच प्रश्न. मग बारावीला मूल अडखळलं की म्हणायचं, पाया कच्चा आहे.

याच लेखनकौशल्यात ग्रुप डिस्कशन आहे. चार जणांची चर्चा मुलांनी कागदावर लिहून दाखवायची. ज्यांनी आयुष्यात एकदाही गटचर्चा केलेली नाही, ती मुलं चार पात्रांच्या तोंडी पाठ केलेली वाक्यं घालतात. "आय अ‍ॅग्री विथ यू" असं चौघेही म्हणतात आणि चर्चा संपते. यंदा आम्ही आधी प्रत्यक्ष चर्चा घेतो, मग लिहायला सांगतो. विषय त्यांचेच : दिव्याच्या मुलांनी सकाळची लोकल कशी पकडावी, कॉलेजची वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावी का. आता कागदावरचा तिसरा माणूस दुसऱ्याचं म्हणणं खोडतो, पहिला मध्येच उदाहरण देतो.

त्यातच मराठीचा मुद्दा येतो. तुम्ही लिहिलंत की आमच्या वर्गात मराठी ऐकू येते. येते, आणि मी ती ठरवून येऊ देते. पहिली दहा मिनिटं मुलं आपापसात मराठीत बोलतात, काय म्हणायचंय ते ठरवतात. मग वीस मिनिटं फक्त इंग्रजी. ज्या मुलाकडे सांगायलाच काही नाही त्याला "स्पीक इन इंग्लिश" म्हणून दरडावलं की तो गप्प बसतो, हे मी अनेक वर्षं पाहिलंय. सांगण्यासारखं हाताशी असलं की तो मोडकंतोडकं का होईना, बोलतो. सगळं लक्ष मजकुरावर असताना भाषा अंगवळणी पडते, या विचारावर भाषाशिक्षणाचे अभ्यासक प्रा. एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रासकडच्या काही शाळांत १९७९ ते १९८४ या काळात प्रकल्प चालवला होता. साध्या शाळा, मोठे वर्ग. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे देऊन त्यावर प्रश्न सोडवायला लावायचे. आपल्याच देशात आपल्यासारख्याच वर्गांत झालेलं काम आहे हे.

वेळापत्रकाची कल्पना मी तिथूनच उचलली. आमच्या नव्या तोंडी परीक्षेत मुलं जोडीने बसतात. एकाच्या हातात ठाणे-वाशी गाड्यांचं वेळापत्रक, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं की त्याला दहाच्या आत वाशीला पोचायचंय. एकमेकांचा कागद बघायचा नाही. शहापूरहून येणारा एक मुलगा आहे. पहाटे आसनगावहून गाडी धरतो. गेल्या वर्षी दहावीत त्याने "माय सेल्फ"च्या वीस ओळी घडाघडा म्हटल्या होत्या, असं त्यानेच सांगितलं. या परीक्षेत त्याच्यासमोरच्या मुलीने विचारलं, मधे गाडी बदलायची का? तो बराच वेळ कागदावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "नो चेंज. सेम ट्रेन. नाइन ट्वेल्व्ह यू सिट, यू रीच बिफोर टेन." व्याकरण कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. पण ती मुलगी वाशीला वेळेत पोचली असती. निरोप पोचला याचे पाचपैकी चार, भाषेच्या अचूकतेचे पाचपैकी दोन. दोन का, हे त्याला त्याच दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात तो "इफ यू टेक द नाइन ट्वेल्व्ह" असं म्हणत होता.

व्याकरणाबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पहिल्या सत्रात बोलणं आणि लेखन यांच्या भरात वाक्यरूपांतराचा सराव आमच्याकडून सुटला. सहामाहीच्या पेपरात "नो सूनर" आणि "अनलेस" करायला सांगितलेली वाक्यं चांगल्या मुलांनीही चुकवली. चूक आमच्या आखणीची होती. दिवाळीनंतर प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं व्याकरणाला ठेवली आहेत. वाक्यं मुलांच्याच वह्यांतली घेतो, नावं न सांगता फळ्यावर लिहितो. तुमच्या पिढीने घोटून घेतलेली वाक्यं आम्हाला आजही येतात, त्याचं ऋण मी नाकारत नाही.

राहिला तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न. यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते सगळ्यात कठीण गोष्ट हीच. ऑगस्टमध्ये आम्ही दोघींनी एक करून पाहिलं. फूटपाथ दुरुस्त करावा म्हणून महापालिकेला लिहायच्या पत्राच्या वीस उत्तरपत्रिका झेरॉक्स केल्या, नावं झाकली, आणि वेगवेगळ्या बसून चारपैकी गुण दिले. एका पत्राला मी तीन दिले होते, मॅडमनी एक. मी पाहिलं होतं की त्या मुलाने फूटपाथ कुठला, कुठे उखडलाय, आजी कशी पडली, हे क्रमाने सांगितलंय. मॅडमनी पाहिलं होतं की विषयाची ओळ नाही आणि एकाच शब्दाचं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलंय. दोघींचंही बरोबर होतं. मूल मात्र एकच, आणि त्याचे गुण पेपर कोणाच्या गठ्ठ्यात गेला यावर ठरणार होते! त्या दुपारी आम्ही दोन तास वाद घातला. शेवटी ठरलं : मांडणीला एक, मजकुराला एक, क्रमाला एक, भाषेला एक. प्रत्येकाखाली पूर्ण गुण कधी, अर्धा कधी, हे मराठीत लिहिलं आणि परीक्षेच्या आधी मुलांच्या हातात दिलं. पुन्हा वीस पत्रं तपासली तेव्हा आमच्यात एकापेक्षा जास्त गुणाचा फरक दोनच पत्रांत पडला. मर्जी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पण आता मूल माझ्याकडे येऊन "मॅडम, क्रमाचा अर्धा गुण का गेला?" असं विचारू शकतं, आणि मला उत्तर द्यावं लागतं.

तोंडीच्या निकषांवर अजून आमचं एकमत नाही. अडखळत पण स्वतःचं बोलणाऱ्याला किती आणि सफाईने पण पाठ केलेलं बोलणाऱ्याला किती, यावर दर वेळी वाद होतो. तुम्ही नौपाड्यातच राहता असं लिहिलंय. दुसऱ्या घटक चाचणीनंतर एका शनिवारी दुपारी तुम्ही कॉलेजात याल का, सर? दहा जोड्यांची तोंडी परीक्षा तुमच्यासमोर घेऊ. तुम्ही तुमचे गुण द्या, आम्ही आमचे देतो, आणि जिथे फरक पडेल तिथे बसून बोलू.